कीरा म्हणजे काळी

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. त्यामुळे शारजात, अल नहदाच्या फ्लॅटमध्ये दादाला मुलगी झाली, तेव्हा आत्या म्हणून नाव ठेवायचा मान माझा आणि ते नाव 'शिकलेलं' असण्याची जबाबदारीही माझी, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. दादा रोज जेवताना विचारायचा, "काय प्रोफेसर, कुठवर आलं?"

बाळ सावळं होतं. आईने दोन नावं सुचवली, गौरी आणि शुभ्रा. वहिनी नुसती दिवसातून दोनदा बाळाला दुधात कालवलेलं बेसन चोळत राहिली.

त्याच आठवड्यात इंग्रजीच्या मॅडमनी आम्हाला आपापल्या नावाचा अर्थ आणि उगम लिहायला सांगितला. सुरुवात त्यांनी स्वतःपासून केली. त्या आयर्लंडच्या, बसस्टॉपपासून वर्गापर्यंत येता येता टोमॅटोसारख्या लाल होणाऱ्या. नाव कीरा. जुन्या आयरिश भाषेत 'कीर' म्हणजे काळा, त्यावरून मुलगा असला तर कीरान, मुलगी असली तर कीरा. या नावाचे संतही तिकडे होऊन गेलेत म्हणे. तास संपल्यावर मी चाचरतच विचारलं, लहानपणी तुम्हाला कोणी चिडवलं नाही का?

त्या हसल्या. "चिडवायचे ना. इतकी गोरी कशी म्हणून."

हे मी घरी सांगितलं नाही. कसं सांगावं तेच कळेना.

बारशाला पाळणा शेजारच्या मल्याळी बाईंचा आणला होता. त्यातलं गाणं थांबेना, शेवटी दादाने सेलच काढले. बाळाच्या आधी वरवंट्याला झबलं घालून तो पाळण्याखालून द्यायचा असतो, "गोविंद घ्या, गोपाळ घ्या" म्हणत. आईने त्यासाठी गावाहून वरवंटा बॅगेत घालून आणला होता. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी तो हातात घेतला आणि म्हणाल्या, "बाळ कुठलं नि वरवंटा कुठला, नीट बघून द्या हं बायांनो."

सगळ्या हसल्या. मीही थोडी हसले, ते अजून टोचतं. वहिनी बाळाच्या झबल्याचे बंद बांधत होती, ती ते बांधतच राहिली.

आईने मला खुणावलं. माझ्या मुठीत 'शुभ्रा' लिहिलेली चिठ्ठी होती. मी पाळण्यात वाकले, कुर्रर्र केलं आणि बाळाच्या कानात म्हणाले, "कृष्णा." मग मोठ्यानेही सांगितलं. कोणी विचारलं नव्हतं तरी अर्थही सांगितला. काळी.

काकूंनी वरवंटा हळूच खाली ठेवला.

"एवढं कॉलेज करून शेवटी आपल्या गावची नदीच आणलीस होय," दादा म्हणाला. आईला मात्र नदी पटली. ती लगेच पेढे वाटायला लागली.

दुसऱ्या दिवशी वहिनीने उरलेल्या बेसनाची कांदाभजी केली. पहिला घाणा माझ्या ताटात वाढला.