दाराच्या तळाची भोकं

मागच्या सुट्टीत तुम्ही दोघांनी विचारलं होतं, आजीच्या गाडीत आवाज फक्त उजव्या बाजूनेच का येतो, आणि एवढ्या जुन्या गाडीची दारं तिजोरीसारखी धप्पकन का लागतात. मी तेव्हा पोळ्या लाटत होते, "नंतर सांगते" म्हणाले आणि राहून गेलं. तुम्हाला माहीत आहे, मला कुठलंच काम अर्धवट ठेवलेलं आवडत नाही. म्हणून लिहिते.

तुमचे आजोबा सहकारी साखर कारखान्यात इंजिनिअर होते, ऊस पिळणाऱ्या यंत्रांच्या खात्यात. त्या यंत्रांशेजारी उभं राहून त्यांचे कान हळूहळू गेले. आधी कुकरची शिट्टी गेली, मग दाराची कडी, मग बारीक आवाजाची माणसं. ते निवृत्त झाले आणि पुढची दोन वर्षं पाऊसच नव्हता. ऊस नाही, त्यामुळे कारखाना बंद. एवढी शांतता आम्ही अंबाजोगाईला आल्यापासून अनुभवली नव्हती. पण कान काही परत आले नाहीत.

दर रविवारी तुमचा फोन यायचा. तुम्ही काहीही विचारलं तरी आजोबा म्हणायचे, "बरं, बरं, छान." एकदा धाकटीने सांगितलं की ती पडली आणि गुडघा फुटला. त्यावरही "छान" म्हणाले. पुढच्या रविवारी तुम्ही फक्त आजीला मागितलं, त्याच्या पुढच्याही. आजोबा शेजारी खुर्ची घेऊन बसायचे आणि मी फोन ठेवला की पेपर उघडायचे. कानाचं यंत्र आणलं होतं. भांडी डोक्यात आपटल्यासारखी वाटतात म्हणून त्यांनी ते कपाटात ठेवून दिलं.

मी तुमच्या आईला सांगितलं, पोरांचं बोलणं रेकॉर्ड करून पाठव. तिने पेनड्राइव्ह पाठवला. घरात लावला तर खोली घुमायची, त्यांना शब्द कळेनात. गाडीत स्पीकर जवळ, म्हणून तिथे लावला. पण आवाज वाढवला की दारांचा पत्रा असा थरथरायचा की मलाच काही समजेना.

गाडीची वायरिंग करणारा माझा जुना विद्यार्थी होता, इंग्रजीत दोनदा नापास झालेला. आता त्याच्याच पोरी कॉलेजात होत्या.

"बाई, दार म्हंजी रिकामा डबा हाय," तो पत्र्यावर टिचकी मारून म्हणाला. "आतून शीट चिटकवावी लागंल. कारखान्याच्या इलेक्शनला मी जीपांवर भोंगे बसवायचो, तवा उलटं काम. जितकं खडखडंल तितकं उमेदवाराला बरं वाटायचं."

"इथे शब्द कळायला हवेत."

"कळत्याल. तुमी नापास केलं म्हनून तर ह्या धंद्यात आलो, बाई. लई बरं केलं."

आमच्या अंगणात त्याने दारांची आतली कव्हरं काढली. आत बोटभर काळी धूळ होती. दोन वर्षं गाडी धुतलीच नव्हती. टँकर आठ दिवसांनी यायचा, गाडीला नुसतं कोरडं फडकं. त्याने थिनरने पत्रा पुसला. काळ्या चिकट शीटा, वरून चांदीच्या कागदासारख्या, उन्हात मऊ केल्या आणि लहानशा रोलरने दाबून दाबून बसवल्या. दारं जड झाली ती तेव्हापासून. मी शेजारी स्टूल टाकून बसले होते. दाराच्या तळाला लांबट भोकं दिसली.

"ही कशाला?"

"पानी जायला. काचंच्या फटीतून आत उतरतं, ते खालून जातं."

"कुठलं पाणी?"

तो हसला. "ते बी खरंच."

"मग बुजवून टाक. सगळी धूळ तिथूनच येते."

"बाई, कंपनीनं ठिवलीत म्हंजी कायतरी..."

"कंपनीला इकडची धूळ ठाऊक नाही. चिकटव."

माझा वर्गातला आवाज लागला असावा. त्याने उरलेल्या शीटेच्या पट्ट्या कापल्या आणि चारही दारांची भोकं बुजवली.

आजोबा त्यांच्या नेहमीच्या जागी, डावीकडे बसले. गाडी मीच चालवायचे. काचा वर केल्या आणि पेनड्राइव्ह लावला. पहिल्यांदा काही नाही. दुसऱ्यांदाही नाही. तिसऱ्यांदा ते एकदम म्हणाले, "अगं, दात पडला म्हणते!" मी काही सांगितलं नव्हतं.

मग रोज दुपारी ते बंद गाडीत घामाघूम होऊन तेच तेच ऐकायचे. रविवारी फोनवर तेच आधी विचारायचे, दाताचं, शाळेतल्या कासवाचं. उत्तर सगळं कळायचं नाही, पण कशाबद्दल आहे हे माहीत असायचं. तुम्ही पुन्हा आजोबांना मागायला लागलात. आईला नवीन रेकॉर्डिंग पाठवायला लावलंत, हे तुम्हाला आठवत नसेल.

दोन महिन्यांनी आम्ही माझ्या बहिणीकडे पुण्याला गेलो. निघायच्या सकाळी तिथल्या वॉचमनने आपणहून गाडी धुतली, पाइप लावून. गाडीवर इतकं पाणी सोडलेलं मी दोन वर्षांत बघितलं नव्हतं. त्याचे आभार मानून निघालो.

मांजरसुंब्याच्या पुढे वळणावर डाव्या दारात काहीतरी डुचमळलं. पुढच्या वळणावर पुन्हा. काचेच्या कुजक्या रबरातून उतरलेलं पाणी दारातच साठलं होतं. आजोबांना पत्ता नव्हता, ते तुमचं कासव ऐकत होते. केजच्या अलीकडे त्यांच्या गुडघ्याजवळचा स्पीकर खरखरला आणि गप्प झाला. ते थोडा वेळ तसेच वाकून बसले. मग सरळ झाले.

दुसऱ्या दिवशी वायरिंगवाल्याने पट्टी उचकटली. मी सवयीने खाली टब सरकवला.

"बाई, पुन्याहून पानी आनलं व्हय?"

मी टब उचलून बाजूला घेतला. पाण्याला थिनरचा वास होता, झाडांना चाललं नसतं. संडासात वापरलं.

त्याने सगळी भोकं मोकळी केली. डाव्या दाराच्या शीटा सुटल्या होत्या, स्पीकर गेला होता. पुन्हा सगळं करू म्हणाला. आजोबांनी हात हलवला. "राहू द्या. माझा उजवाच कान जरा बरा आहे. एका कानाला एक स्पीकर पुरे."

संध्याकाळी मी त्यांना सांगितलं, "अहो, भोकं मी बुजवायला लावली होती. त्याने अडवलं होतं मला."

"बरं, बरं," ते म्हणाले. ऐकलं की नाही, कळलं नाही. पुन्हा सांगणं माझ्याच्याने झालं नाही.

त्यानंतर ते उजवीकडे, माझ्या जागेवर बसायला लागले. अंगणात उभी गाडी, किल्ली अर्धी फिरवलेली, दोन्ही हात स्टिअरिंगवर. एका रेकॉर्डिंगमध्ये थोरल्याने विचारलंय, "आजोबा, तुम्ही आत्ता काय करताय?" आणि मग उत्तरासाठी थांबलाय. दरवेळी ती जागा आली की आजोबा मोठ्याने सांगायचे, "गाडीत बसलोय रे, बाळा."