आत्याचा सडा आणि माझ्या मुंग्या

माझा राग आमच्या घरात प्रसिद्ध होता. त्यामुळे सरांनी ‘गेम भी कोई प्रोजेक्ट होता है क्या?’ असं भर वर्गात विचारलं आणि मी गप्प बसले, याचंच घरी कौतुक झालं. नव्वदचं दशक निम्मं सरलं होतं. आदिलाबादच्या एका कॉलेजात मी कॉम्प्युटरच्या शेवटच्या वर्षाला होते. वर्गातला जो तो पगारपत्रकाचा प्रोग्राम लिहीत होता. मला मात्र मुंग्या करायच्या होत्या.

लायब्ररीतल्या एका जुन्या इंग्रजी मासिकात मी वाचलं होतं की, दूर कुठेतरी माणसं मुंग्या-पाखरांचं वागणं बघून कॉम्प्युटरला शहाणं करू पाहताहेत. मुंगी चालताना वास सोडते, मागची त्या वासावरून येते आणि कुणी हुकूम न देता रांग तयार होते. एवढं वाचून मी जी हुरळले ती हुरळलेच. माझा खेळ साधा होता. पडद्याच्या एका कोपऱ्यात वारूळ, दुसऱ्या कोपऱ्यात गुळाचा खडा. खेळणाऱ्याने मध्ये दगड टाकून गूळ वाचवायचा आणि मुंग्यांनी, म्हणजे माझ्या पांढऱ्या ठिपक्यांनी, आपली आपण वाट शोधायची. पडद्यावर पटासारखी चौकोनी घरं होती; ठिपका ज्या घरातून जाईल त्या घरात वासाचा आकडा एकाने वाढायचा. मागून येणारा ठिपका मोठा आकडा बघून पाऊल टाकायचा.

पहिला दगड पडेपर्यंत सगळं झकास चालायचं. दगड पडला की अख्खी फौज त्याला डोकं लावून उभी! एखादा ठिपका चुकून बाजूला सरकला, तरी जुन्या वासाच्या ओढीने परत येऊन रांगेत उभा ठाकायचा. हे सरांनी पाहिलं आणि शांतपणे निकाल दिला: शनिवारपर्यंत मुंग्यांनी वाट काढली तर ठीक, नाहीतर सोमवारपासून मीही पगारपत्रक लिहायचं. मला रडू आलं. ते लपवायला मी दोन दिवसांसाठी आत्याकडे वांकिडीला निघून गेले.

आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. घरी कापूस-ज्वारीची शेती, आवाज खणखणीत आणि हातात सतत काहीतरी काम. चूल पेटवण्याआधी ती अंगणातल्या तुळशीपाशी चिमूटभर ज्वारीचं पीठ साखर घालून ठेवायची, मुंग्यांसाठी. त्या मुंग्यांचं बीळ भिंतीशी होतं आणि मध्ये ज्वारीचं पोतं पडलेलं, म्हणून त्यांची रांग पोत्याला मोठा वळसा घालून जायची. दुपारी पोतं उचलून आत नेलं. आता मधली जागा मोकळी होती, तरी या बाया वळसा घालूनच चाललेल्या! माझ्या ठिपक्यांच्या सख्ख्या बहिणी. सकाळपर्यंत त्यांना अक्कल येते का ते बघावं म्हणून मी रांगेच्या कडेने, दोन बोटं अंतर सोडून, रांगोळीची रेघ ओढून ठेवली.

सकाळी उठून बघते तर रेघ गायब. अंगणभर शेणाचा ताजा सडा, आणि बादली घेऊन आत्या उभी. माझं टाळकं सटकलं. “आत्या, काय केलंस हे! माझी वाट पुसलीस!”

“काऊन वं, एवढ्या सकाळी कायले ओरडून राह्यली?” आत्या म्हणाली. “मले वाटलं, तू रांगोळी काढली. सापासारखी वाकडी. लोकं काय म्हनतीन, म्हनून सडा टाकला.”

“ती रांगोळी नव्हती, मुंग्यांची खूण होती. आता त्यांना पीठ कसं सापडणार?”

“रोजच सडा पडते. त्या काय उपाशी मरतेत का? पाह्य न, लागल्या कामाले.”

मी पाहिलं. आधी मुंग्या बिथरून चहूकडे पांगल्या होत्या. मग एकीला पीठ सापडलं, तिच्या मागे दुसरी आली, आणि माझा चहा गार होईपर्यंत बिळापासून तुळशीपर्यंत सरळ रांग लागली. वळसा संपला होता, कारण कालचा वास सड्याबरोबर गेला होता. माझ्या प्रोग्राममध्ये वास फक्त वाढत होता. तो पुसायला तिथे आत्याच नव्हती! मी तिला शेणाच्या हातांसकट मिठी मारली.

असं काय भूत पोरीच्या मानगुटीवर बसलंय ते बघायला आत्या माझ्याबरोबरच आदिलाबादला आली. मी प्रोग्राममध्ये एक छोटा तुकडा जोडला: दर फेरीला प्रत्येक घरातला वास थोडा कमी करायचा. त्या तुकड्याला नाव दिलं ‘सडा’.

शनिवारी कॉम्प्युटरच्या खोलीबाहेर आम्ही चपला काढल्या. तसा नियमच होता. आत्याने तर उंबऱ्याला नमस्कारही केला. सरांनी स्वतः दगड टाकला. फौज थबकली. जुना वास विरत गेला, एक ठिपका भरकटला, त्याला गूळ लागला आणि बघता बघता रांग दगडाच्या कडेने वळली. “मळ्ळी,” सर तेलुगूत म्हणाले, म्हणजे पुन्हा. तीनदा त्यांनी दगड टाकले, तिन्ही वेळा मुंग्या पोचल्या. तरी ते हिंदीत म्हणाले, “मुंग्या हुशार आहेत, मान्य. पण खेळ म्हटला तर तो कुणी खेळायला हवा. हा कोण खेळणार?”

मी आत्याला खुर्चीत बसवलं, दगड टाकायचं बटण दाखवलं आणि गूळ कसा वाचवायचा ते सांगितलं. आत्याने बटणावरचं बोट उचलून मांडीवर ठेवलं. एकही दगड पडला नाही. ठिपके सरळ गुळावर तुटून पडले आणि इंग्रजीत पाटी आली: तुम्ही हरलात. आत्या मात्र टाळ्या वाजवत होती. “पोचल्या वं, समद्या पोचल्या! अजून एकदा लाव.”

माझं तोंड पडलं. “आत्या, तू हरलीस. दगड टाकायचे होते.”

“उपाशी जीवाच्या वाटेत गोटे टाकाचे? मी नाई टाकत. लाव न.”

मी आत्याचं म्हणणं सरांना हिंदीत सांगितलं. ते इतके हसले की त्यांना चष्मा काढावा लागला. हसता हसताच त्यांनी माझ्या प्रोजेक्टच्या कागदावर सही केली, आणि आत्या तोवर आणखी दोनदा हरली.

सोमवारी मी पगारपत्रक लिहायला बसले नाही. मी ती इंग्रजी पाटी पुसली आणि तिच्या जागी रोमन अक्षरांत दोनच शब्द लिहिले: ‘मुंग्या जेवल्या.’