पेज कोणी दिली?

आईला सांभाळायला घोटीकडची एक बाई ठेवली, ती मीच शोधून आणलेली. माझ्याच वयाची, पन्नाशीतली. महिन्याभरातच आई सकाळी डोळे उघडल्या उघडल्या विचारू लागली, "ती आली का?" मी केस विंचरायला बसले की म्हणायची, "राहू दे, ती हळू विंचरते." पोटची मुलगी मी, आणि माझा हात धसमुसळा! नुसता जळफळाट व्हायचा माझा.

एक गोष्ट मात्र पूर्ण माझ्या ताब्यात होती, आईची शुगर. पथ्याचा तक्ता मी फ्रिजवर चिकटवला होता आणि साखरेचा डबा माझ्या कपाटात ठेवला होता.

उन्हाळ्यात मी आईला हौसेने पंचवटीतल्या एका लग्नाला नेलं. तिथे ती बर्फ घातलेलं ताक दोन पेले प्यायली. दुसऱ्या दिवशी सकाळी जुलाब सुरू झाले. ताप नाही, कळ नाही, नुसतं तांदळाच्या धुवणासारखं पाणी. मेडिकलमधून जुलाबावरच्या पुड्या आणल्या, पण त्यात साखर आहे हे वाचून ड्रॉवरमध्ये टाकल्या आणि मीठ-लिंबाचं पाणी करून पाजत राहिले. आई तोंड वाकडं करायची. दुपारपर्यंत तिचे डोळे खोल गेले.

रिक्षा बघायला खाली गेले आणि वर येते तर ती बाई आईला वाटीतून काही पाजत होती.

"पेज हाय ताई, मीठ टाकून. तुम्ही फोनवर असल्या की देते सकाळधरनं."

"भाताची? शुगर वाढली म्हणजे?" मी वाटी हिसकावून बेसिनमध्ये ओतली. शुगर हे निमित्त होतं. माझ्या पेल्याला तोंड फिरवणारी आई तिच्या वाटीसाठी मान उचलत होती, ते मला बघवलं नाही.

दवाखान्यात सलाईन लागल्यावर डॉक्टरांनी समजावून सांगितलं. हे जंतू आतड्याला जखम करत नाहीत. भिंतीला चिकटून विष सोडतात. त्या विषामुळे आतड्याच्या पेशी अंगातलं मीठ बाहेर टाकत सुटतात आणि मिठामागे पाणी जातं. पण आत घेणारं एक दार विषाला बंद करता येत नाही. मीठ आणि साखर जोडीने आली तरच ते उघडतं.

"नुसतं मिठाचं पाणी असंच वाहून जातं," ते म्हणाले. "पेजेतल्या भाताची आतड्यात साखरच होते. तेवढ्यावर यांनी तग धरला, शुगरचं आपण बघून घेऊ. पेज कोणी दिली?"

ती बाई पिशवी धरून माझ्या मागेच उभी होती.

"मी," मी म्हणाले.

तिने पिशवी दुसऱ्या हातात घेतली. आईचे डोळे मिटलेले होते.

चार दिवसांनी घरी आल्यावर मी मुद्दाम स्वतः पेज केली. आईने एक चमचा घेतला आणि वाटी बाजूला सारली.

"त्या दिवशी दिलीस ना तू, तशी कर." म्हणजे दवाखान्यात मिटल्या डोळ्यांनी तिने माझं ते "मी" ऐकलं होतं.

वाटी घेऊन मी स्वयंपाकघरात गेले. ती ओट्यापाशी भांडी विसळत होती. मी वाटी ओट्यावर ठेवली आणि विचारलं, "मीठ किती घालतेस गं?"

तिने हात पुसले, चिमटीत मीठ धरून मला दाखवलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. मला तर त्याचाही हेवा वाटला.