अंदमानात मिशी आणि अर्धापुरात मयत

समुद्रातले मासे बघायला मी माझ्या वडिलांना मारलं, असं आमच्या भावकीत आजही सांगतात.

वडील ठणठणीत आहेत. अर्धापूरला केळीच्या बागेत सकाळ-संध्याकाळ हिंडतात आणि दोन्ही वेळा मला फोनवर झापतात. पण भावकीचं म्हणणंही अगदीच खोटं नाही, म्हणून एकदा सगळं सांगूनच टाकतो. तुमच्यापैकी कुणाला स्नॉर्केलिंगला, म्हणजे डोळ्यांवर काच चढवून आणि तोंडात नळी धरून समुद्रात पालथं तरंगायला जायचं असेल, तर माझा अनुभव उपयोगी पडेल.

मी नांदेडला मास्तर. अंदमानचं खूळ माझ्या बायकोचं, माधुरीचं. भावकीत कुणाला सांगायचं नाही असं ठरलं होतं, कारण सांगितलं की अर्धी भावकी पिशव्या भरून दारात! जाण्याआधी मी इंटरनेटवरच्या सूचना परीक्षेसारख्या पाठ केल्या. काचेला आतून थुंकी चोळा म्हणजे वाफ धरत नाही. पाठीला क्रीम फासा. पोवळ्यांना हात लावू नका. बादलीत तोंड घालून सरावसुद्धा केला. (बादली धुण्याची होती, हे नाकात फेस गेल्यावर कळलं.)

प्रत्यक्ष समुद्रात उतरलो आणि पहिल्या दमातच काचेच्या आत पाणी! मासे राहिले बाहेर आणि मी आतल्या आत बुडायला लागलो. गाइडनं मला ओढून काढलं आणि माझ्या तोंडाकडे बोट दाखवलं.

"सर, मूँछ!"

"क्या हुआ मूँछ को?"

"उसी में से पानी घुसता है. वॅसलिन लगाओ, नहीं तो निकाल दो."

वॅसलिन लावलं. काच घसरून हनुवटीवर आली.

"काढून टाका की!" माधुरी म्हणाली. "केसच हायत ते, येतील परत."

आता, आमच्याकडे बाप जिवंत असताना मुलगा मिशी उतरवत नाही. उतरवली, की बाप गेला, असंच गाव समजतं. मला मिसरूड फुटलं तेव्हाच आबांनी, म्हणजे वडिलांनी, बजावलं होतं, "मी हाय तवर मिशीला वस्तरा लावायचा न्हाई. लावलास तर घरात पाय ठिवू नको." आबा बोललेलं खरं करतात. पण अर्धापूर कुठं, अंदमान कुठं, मध्ये अख्खा समुद्र! कोण बघतंय? उतरवली. डोक्यावरच्या केसांनी मला चाळिशीतच रामराम ठोकला होता, त्यामुळे आता टाळूपासून हनुवटीपर्यंत सगळा माळ मोकळा झाला.

मासे मात्र काय दिसले! निळे, पिवळे, पट्ट्यापट्ट्यांचे. मी अगदी हरखून गेलो. बाहेर आलो तेव्हा खाऱ्या पाण्यानं डोळे लालभडक झाले होते. कमरेला पांढरा टॉवेल गुंडाळला, गाइडनं दिलेलं शहाळं ऐटीत खांद्यावर घेतलं. माधुरीनं उन्हासाठी डोक्यावरून ओढणी घेतली होती. गाइडनं फोटो काढला आणि तिनं तो तडक भावकीच्या ग्रुपवर टाकला.

"अगं, कुणाला सांगायचं नव्हतं ना!"

"निघंपर्यंत नव्हतं सांगायचं. आता जळू द्या की!"

खाली ती 'मजा करून राहिलोत' असं लिहिणार, तेवढ्यात रेंज गेली.

आता तो फोटो भोकरमध्ये बसून बघा. टकलू डोकं, साफ ओठ, लाल डोळे, उघडं अंग, पांढरं वस्त्र, खांद्यावर मडकं, शेजारी डोकं झाकलेली सून आणि मागं पाणीच पाणी!

भोकरला नामदेवकाका, आबांचे धाकटे भाऊ. माझ्या लग्नात त्यांना फेटा बांधायचा राहिला, तेव्हापासून दोघा भावांचं बोलणं बंद. काकांनी फोटो बघून मला फोन लावला. लागेना.

"पोरगं दुःखात हाय, फोन बंद केलाय. दादा गेला!"

कुणीतरी म्हणालं, "पन गोदावरी एवढी निळी कवापासून?"

"फोनमधी समदं निळंच दिसतं. चला!"

आबांच्या फोनवर विचारावं, हे कुणालाच सुचलं नाही. (मयताला फोन कोण करतं?) जीपभर माणसं रडत अर्धापूरला पोचली. पुढचं आईनं सांगितलं. आबा ओट्यावर सुपारी कातरत बसले होते. काकांनी डोळे गच्च मिटून, समोर जो कुणी होता त्याच्या गळ्यात पडून हंबरडा फोडला.

"दादा गेला होऽऽ! माझ्याशी न बोलताच गेला!"

"कोनता दादा?"

"आपला!"

"आपला दादा मीच हाय ना रं, नाम्या?"

जीपमधलं रडणं एकेक करत थांबलं. काकांनी डोळे उघडले, आबांना नीट निरखलं आणि दुप्पट जोरानं रडायला लागले. मयताच्या घरी चूल पेटत नाही म्हणून बायकांनी पिठलं-भाकरी आणली होती. ती आबांनीच आधी खाल्ली आणि पिठल्यात मीठ कमी हाय म्हणाले.

संध्याकाळी रेंज आली. फोन वाजला.

"मी बोलून राहिलो. मयत."

"आबा, त्या काचेत पाणी..."

"मिशी हाय का गेली?"

"...गेली."

"मंग मी बी गेलो. ये इकडं, उरलेलं बघतो."

परतीचा सगळा प्रवास मी पदराआड लपायच्या वयाचा असल्यासारखा घाबरून केला. आबांनी खरंच उंबऱ्यावरून हाकललं असतं तर मी काय करणार होतो? अर्धापूरला पोचलो, तर दोघं भाऊ एकाच बाजेवर बसून एकाच पुडीतला तंबाखू मळत होते. काका भोकरला गेलेच नव्हते.  मला जरा धीर आला.

"आबा, एका अर्थी बरंच झालं की," मी उंबऱ्याबाहेरूनच म्हणालो. "माझ्या मिशीमुळं तुम्ही दोघं..."

आबांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. काकांना विचारलं, "नाम्या, हे येडं हाय का रं?"

"हाव दादा. पहिल्यापास्नंच."

"ये, घरात ये," आबा म्हणाले. "येड्याला कुटं बाहेर ठिवायचं?"

माझ्या लग्नानंतर दोघा भावांचं एकमत झालेली ही पहिलीच गोष्ट. आणि ते एकमत टिकवण्यात मी आजतागायत कुठेही कमी पडलेलो नाही.