लिंबू मोजायचं की नाही

जगात दोन प्रकारची माणसं असतात, असं माझ्या दादाचं ठाम मत होतं. एक, गेम खेळणारी आणि दुसरी, टाइमपास करणारी. आमच्या घरात पहिल्या प्रकारात तो एकटाच होता. दुसऱ्या प्रकारात आई, मी आणि रविवारी पेपर वाचून झाल्यावर थोडा वेळ पप्पा.

हे दोन हजार चार-पाचच्या सुमाराचं. आम्ही अंबरनाथ पूर्वेला, पालेगावकडे जाणाऱ्या रस्त्याच्या जरा अलीकडे राहायचो. दादा डिप्लोमाला होता, मी नववीत. पप्पा केमिकल कंपनीत शिफ्टला जायचे. नाइट करून आले की दुपारपर्यंत झोपायचे, आणि ते झोपलेले असले की त्यांचा फोन माझा. त्या फोनमध्ये सापाचा गेम होता. साप दाणे खातो, लांब होतो, स्वतःच्याच अंगावर आपटला की मरतो. एवढंच. पण मी तो साप इतका लांब करायचे की स्क्रीनवर सापाशिवाय जागाच उरायची नाही. पप्पा उठायचे तेव्हा बॅटरीने मान टाकलेली असायची. "फोन खाल्लास का गं?" एवढंच म्हणून ते चार्जर शोधायला लागायचे.

आई एका पतपेढीत होती. तिथे नुकतेच कॉम्प्युटर आले होते आणि जेवणाच्या सुट्टीत ती त्यावर पत्त्यांचा गेम लावायची. डाव पूर्ण लागला की सगळे पत्ते उड्या मारत पडद्यावरून खाली सांडायचे, त्याचं तिला भारी कौतुक. घरी आल्यावर चपला काढायच्या आधी सांगायची, "आज लागला हं!" जणू मुलाचा बारावीचा निकालच लागला.

"याला गेम म्हणतात?" दादा ताटावरून मान वर न करता म्हणायचा. त्याच्या मते खरा गेम तो, ज्यात समोर माणूस असतो, दोन्ही हात गुंतलेले असतात आणि हरल्यावर जेवण जात नाही. बाकी सगळं टाइमपास. टाइमपास हा शब्द तो असा उच्चारायचा की ऐकणाऱ्याला आपण रिकामटेकडे असल्याची खात्री पटावी.

आई ऐकून घेणाऱ्यातली नव्हती. "जो गेम मधेच थांबवून गॅस बारीक करता येत नाही, तो गेम नाही रे, ती नोकरी. फक्त पगार नाही," ती म्हणायची. मग दादा म्हणायचा, तुला काय कळतंय, आणि आई म्हणायची, मला एवढं कळतंय की भात तू गरम करून घे. वाद असाच संपायचा. मी आईच्या बाजूने असायचे, पण मनातून मला दादाचंच बरोबर वाटायचं, आणि त्याचाच राग यायचा. अख्खी स्क्रीन भरणारा साप सोपा असतो का? एकदा भरून दाखव म्हणावं. त्याने कधी हातसुद्धा लावला नाही. बायकांचे आणि म्हाताऱ्यांचे गेम, म्हणे.

रविवारी सकाळी आम्ही सगळे विहारात वंदनेला जायचो. दादा पांढऱ्या शर्टात अगदी सालस दिसायचा. जिवाची हत्या करणार नाही हे सगळ्यांच्या सुरात सूर मिसळून म्हणायचा, घरी येऊन मटणावर ताव मारायचा, शर्ट बदलायचा आणि दुपारी उल्हासनगरला माणसं मारायला निघायचा. "सकाळी काय बोलून आलास, आठवतंय ना?" आई दारातून विचारायची. "कॉम्प्युटरमधल्यांना जीव नसतो," दादा जिन्यावरून ओरडायचा.

माणसं मारण्याची जागा उल्हासनगरच्या कॅम्प तीन भागात होती. जीन्सच्या कारखान्यांच्या गल्लीत, पहिल्या मजल्यावरचं सायबर कॅफे. खाली शिलाई मशिनी धडधडत आणि वरची टेबलं त्या तालावर हलत. जिना चढेपर्यंत चपलांना निळे धागे चिकटलेले असायचे. मालक एक सिंधी काका होते. गेममध्ये त्यांना काडीचा रस नव्हता, पण पोरांनी की-बोर्ड आपटला की लगेच, "साईं, आराम से, अपने घर का समझ के तोड़ो मत." समोरासमोर पाच-पाच मशिनी एकमेकांना जोडलेल्या. एक टोळी बॉम्ब लावणार, दुसरी त्यांना अडवणार. मेलात की फेरी संपेपर्यंत नुसतं बघत बसायचं. रविवार दुपारच्या त्या दहा मशिनी कुणाच्या, यावर दादाची अंबरनाथची टोळी आणि कॅम्प तीनची पोरं यांच्यात कधीपासून धुसफूस होती. शेवटी ठरलं की एकदा काय तो निकाल लावायचा. जिंकेल त्याचा रविवार.

आणि नेमक्या त्या रविवारी दादाच्या टोळीतल्या पाचव्याला त्याच्या आईने घरात कोंडलं. प्रिलिमचे मार्क हाती आले होते.

दादा जेवता जेवता माझ्याकडे बघायला लागला. असा तो फक्त त्याला काही हवं असलं की बघायचा.

"चल येतेस? खुर्चीवर बसायचंय फक्त."

"आणि खेळायचं?"

"तू कुठे खेळणार! कच्चा लिंबू म्हणून बस. पाचवी खुर्ची रिकामी राहिली तर ते म्हणतील टीम पूर्ण नाही."

कच्चं लिंबू म्हणजे काय हे आमच्याकडे कुणाला समजावून सांगावं लागत नाही, पण तरी सांगते. लगोरी असो, लंगडी असो, लपाछपी असो, लहान भावंडाला घेतल्याशिवाय खेळायला सोडणार नाही असा घरून दम मिळालेला असतो. मग त्या भावंडाला घ्यायचं, पण मोजायचं नाही. ते आउट झालं तरी आउट नाही. त्याने कुणाला पकडलं तरी ते पकडणं नाही. त्याच्यावर कधी राज्य येत नाही. ते बिचारं जीव तोडून धावत असतं आणि त्याला वाटत असतं आपण खेळतोय. मी चाळीत सगळ्यांत धाकटी. त्यामुळे माझं अख्खं बालपण लिंबू म्हणून गेलं. इतर मुलांना राज्य आलं की रडू यायचं, मला येत नाही म्हणून यायचं. एकदा तरी कुणीतरी मला धरावं आणि "आउट!" म्हणून बोंब मारावी, एवढीच माझी इच्छा होती. नववीत गेले तरी ती गेली नव्हती. म्हणून तर मी दादाबरोबर शेअर रिक्षात बसले.

कॅम्प तीनच्या पोरांनी मला बघितलं आणि त्यांच्यातला एक जाड चष्मेवाला म्हणाला, "ये कौन?"

"बहन है. कच्चा लिंबू," दादा म्हणाला.

"क्या खेलती है?"

"मोबाइलवर साप," दादाचा एक मित्र म्हणाला आणि दोन्ही टोळ्या एकदम हसल्या. वैर विसरून हसल्या. पहिल्यांदाच त्यांचं कशावर तरी एकमत झालं होतं.

चष्मेवाला मनाचा मोठा. "ठीक है भाई. कच्चा लिंबू है तो उसको कोई नहीं मारेगा." त्याच्या बाजूच्या चौघांनी माना डोलावल्या. आमच्याकडे शब्द म्हणजे शब्द. लिंबाला मारणं हे दोन्ही टोळ्यांच्या इज्जतीला शोभणारं नव्हतं. पण लिंबाने कुणाला मारायचं की नाही, हे कुणी बोललंच नाही. बोलायची गरजच कुणाला वाटली नाही.

पहिल्या काही फेऱ्या माझं नाक भिंतीला लागलेलं होतं. माऊस हलवला की आभाळ दिसायचं, परत हलवला की फरशी. दादा आणि त्याचे मित्र ओरडत होते, मरत होते, परत उठत होते. मला कुणी हाक मारत नव्हतं. त्या गेममधली पोरं समोरून धावत यायची, मला बघायची आणि रस्त्यात बसलेल्या गाईला वळसा घालावा तशी वळसा घालून पुढे जायची. सुरुवातीला मला हसू आलं. नंतर मात्र माझं डोकं फिरायला लागलं. अरे, माझ्या हातात बंदूक आहे!

मग मी भिंत धरून चालायला लागले. सापाला मी तसंच चालवायचे. कडेकडेने, घाई न करता, शिरायच्या आधी बाहेर पडायची वाट बघून ठेवायची. हळूहळू सगळे बोळ लक्षात आले. कोणत्या बोळातून कोण धावत येतं हेही लक्षात आलं, कारण ती पोरं दर वेळी त्याच बोळातून यायची. बंदुकीचं बटण कुठलं ते मी शेजारच्याला विचारलं. त्याने न बघता सांगितलं.

शेवटची फेरी आली तेव्हा दोन्हीकडे सारखेच गुण होते. दादा मेला. त्याचे तिघे मित्र मेले. चौघांनी खुर्च्या मागे सरकवल्या आणि एकाने कपाळावर हात मारला. समोरचे तिघे जिवंत होते आणि आमच्याकडची मी. म्हणजे त्यांच्या हिशोबाने कुणीच नाही. ते तिघे आरामात बॉम्ब लावायला निघाले. एक माझ्या शेजारून गेला, मी त्याच्या पाठीत गोळी घातली. दुसरा त्याला काय झालं बघायला वळला, त्यालाही घातली. तिसरा चष्मेवाला. तो माझ्यासमोर येऊन चक्क थांबला. मी लिंबू होते ना, त्यामुळे आपल्या पोरांना मारणारा कोण हे शोधायला तो माझ्या पलीकडे बघत होता. मी बटण दाबलं.

पडद्यावर आमची टोळी जिंकल्याचं आलं.

मग जो कल्ला उठला तो विचारू नका.

"लिंबू का मारा हुआ गिनते नहीं!" चष्मेवाला उभा राहिला. "हमने उसको छोड़ा ना? जबान दी थी, इसलिए छोड़ा!"

"मग मारायचं होतं! कुणी हात धरला होता?" दादाचा मित्र.

"तुम लोग ही बोले ना कच्चा लिंबू!"

"तेव्हा होती. आता नाही."

आणि मग दादा बोलायला लागला. माझा स्वतःचा भाऊ, दोन्ही हात पसरून, भर कॅफेत. "अरे, ही काय साधीसुधी पोरगी आहे का? मोबाइलवर अख्खी स्क्रीन भरते सापाने! अख्खी! तुमच्यात आहे कुणाची टाप? त्याला पेशन्स लागतो, प्लॅनिंग लागतं. तो काय टाइमपास आहे?"

आई असती तर तिने त्याला तिथेच भात गरम करायला लावला असता.

"साँप मोबाइल में चलता है," चष्मेवाला म्हणाला. "ये गेम है." आजपर्यंत हेच वाक्य दादाचं होतं.

काकांना विचारलं. काका चष्मा कपाळावर चढवून पडद्यापाशी आले. "साईं, मशीन को क्या मालूम लिंबू है कि आम है. उसने गिन लिया." म्हणून ते गेले, पण पोरं कुठली ऐकतात. शेवटी सगळे माझ्याकडे वळले. "तूच सांग," दादा म्हणाला, "तू लिंबू होतीस का?" आणि डोळा मारला.

त्या डोळा मारण्याने मला इतका राग आला की सांगता येत नाही. आयुष्यभर मला मोजलं नव्हतं. आणि आता मोजत होते ते मी खेळले म्हणून नव्हे, त्यांना रविवार हवा होता म्हणून. शिवाय खरं काय ते मला माहीत होतं. ती तीन पोरं हरली ती शब्द पाळला म्हणून. नव्हते म्हटलं असतं तर दादा खूश, मित्र खूश, आणि मी त्यांच्या टोळीत. मला ते हवं होतं, नाही कशाला म्हणू. पण असं नको होतं.

"होते," मी म्हटलं. "माझे तिन्ही कापा. आणि ही फेरी परत खेळू. आता मी लिंबू नाही."

"वेडी झालीस का?" दादा.

चष्मेवाल्याने माझ्याकडे पहिल्यांदा नीट बघितलं. "फिर हम मारेंगे हां. बाद में रोना नहीं."

"मारा ना," मी म्हटलं. "सांगतेय काय मग!"

फेरी सुरू झाली. भिंत धरून मी तोच कोपरा वळले, आणि समोर चष्मेवाला उभाच होता. तो या वेळी पलीकडे बघत नव्हता. ठो! माझा पडदा लाल झाला. दोन्ही टोळ्यांत सगळ्यांत पहिली मी मेले. मागोमाग बाकीचे गेले, आणि आमचा रविवारही गेला.

परतीच्या रिक्षात दादाने तोंड सोडलं ते अंबरनाथ येईपर्यंत. "कोपरा असा वळतात? आधी बघायचं नाही? एकाच रस्त्याने परत कोण जातं? डोकं कुठे ठेवलं होतंस? तुझ्यामुळे हरलो आम्ही, तुझ्यामुळे!" पुढे ड्रायव्हरला चिकटून बसलेला त्याचा मित्रही मान वळवून वळवून मला सुनावत होता. रिक्षातल्या एका बाईंना माझी दया आली. "असू दे रे, लहान आहे ती," त्या म्हणाल्या.

"लहानबिहान काही नाही!" दादा त्यांच्यावरच उसळला. "टीममध्ये होती ती!"

लिंबाला कधी कुणी शिव्या घालत नाही. मला इतकं बरं वाटत होतं की तो दम घ्यायला थांबला तेव्हा मीच त्याला म्हटलं, "आणखी बोल."