फेसात काय असतं

माझ्या मामाइतका दुधावर विश्वास ठेवणारा आणि दूध सोडून कशावरच विश्वास न ठेवणारा माणूस कोल्हापुरात दुसरा नसेल. आमचे आबा गुळाच्या बाजारात हमाल, आई लोकांच्या घरी भाकऱ्या थापायची; चहा व्हायचा तोही बिनदुधाचा. हे कळल्यावर मामाला धक्काच बसला. गरिबीचा नव्हे, बिनदुधाच्या चहाचा. दुसऱ्या दिवसापासून तो दूध कट्ट्यावर, म्हणजे गिऱ्हाइकासमोर म्हैस पिळून ग्लासात ताजं दूध विकतात तिथं, जाताना आमच्या दारात म्हैस थांबवून चरवीत धार काढून द्यायला लागला. त्या दुधावर मी बी.एस्सी. झाले. आमच्या घरातली पहिली पदवीधर. हे कुणी विचारलं नाही तरी मी सांगते.

मामाच्या मते दूध म्हशीपासून ग्लासापर्यंतच जातं. त्यापुढं जातं ते दूध नव्हे. पिशवीतल्या दुधाला तो 'फोटोतलं जेवण' म्हणतो. निकाल लागला तेव्हा मी त्याला राजारामपुरीतल्या एका कॅफेत हॉट चॉकलेट प्यायला नेलं. मामानं काउंटरमागं वाकून बघितलं आणि विचारलं, "म्हैस कुठं बांधलीया?" तिथला पोरगा म्हणाला, "काका, दुधाची पावडर असते." मामा तसाच मागं फिरला आणि थेट रंकाळा तलावापर्यंत चालत सुटला. तिथं पोचल्यावर म्हणाला, "तायडे, दुधाची भुकटी? मानसं असं करत्यात?"

पुढं एका शाळेत विज्ञान शिक्षिकेच्या जागेसाठी मला नमुना पाठ घ्यायचा होता. विषय पदार्थाच्या अवस्था. चॉकलेटची वडी घन, गरम दुधात वितळली की द्रव, वर वाफ म्हणजे वायू, असा बेत करून मी विजेची किटली नेली. ऐन तासाला वीज गेली. थंड दुधात चॉकलेट तळाशी जाऊन बसलं. मुलं माझ्याकडं बघत होती, मुख्याध्यापिका घड्याळाकडं. एवढ्यात खिडकीत शिंगं दिसली.

"हे कोण?" मुख्याध्यापिकांनी विचारलं.

"माझे मामा."

"आणि ती?"

"ती त्यांची."

पोरीचा पाठ बघायला आला होता तो. म्हैस कुठं ठेवणार, म्हणून घेऊनच आला. मी सगळा वर्ग मैदानात नेला, चॉकलेट किसून ग्लासात टाकलं. मामानं ग्लास खाली धरून लांबून धार सोडली. म्हशीच्या अंगची ऊब चॉकलेटला पुरली. कीस बघता बघता वितळला. वर बोटभर फेस.

"आणि वायू?" मुख्याध्यापिका म्हणाल्या.

वाफ काही दिसेना. मी फेसाकडं बोट केलं. "हा बघा. यात दूध थोडं, बाकी हवा."

मामा ताडकन उठून उभा राहिला. कट्ट्यावर त्याच्या फेसाचं नाव होतं. लोक त्यासाठी लांबून यायचे. "हवा?" तो म्हणाला. "म्हंजे मी गिऱ्हाइकाला हवा इकतो व्हय?"

सगळा वर्ग ऐकत होता. मुख्याध्यापिका माझ्या तोंडाकडं बघत होत्या. एका बाजूला नोकरी, दुसऱ्या बाजूला मामा.

"व्हय मामा," मी म्हटलं, "हवाच हाय."

मामानं कासरा धरला आणि म्हशीला घेऊन निघून गेला.

आता तो कट्ट्यावर फेस खाली बसेपर्यंत ग्लास हातातच धरतो, मग वर पुन्हा दूध ओततो. गिऱ्हाईक कितीही घाईत असो. मी एकदा म्हटलं, "मामा, मला फेसच आवडतो की."

"आवडू दे. हवा हाय ती. आमची मास्तरीण सांगून गेलीया," तो म्हणाला. रागानं नव्हे, शेजारच्या गिऱ्हाइकाला ऐकू जावं इतक्या मोठ्यानं.

माझ्या ग्लासात तो आता फेस येऊच देत नाही. ती नोकरी मला मिळाली.