हवा सोडायचा नळ

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार आहेत ते मामांचे. कारखान्यात सगळेच त्यांना मामा म्हणत. नळीच्या जोडाला कान लावून, डोळे मिटून ते उभे राहायचे आणि म्हणायचे, "गप! नळी कुठंतरी हवा पितीय."

कोरेगाव भीमाजवळच्या त्या औषधांच्या कारखान्यात आमची लहानशी प्रयोगशाळा होती. बाहेर एकच पंप आणि त्याची नळी चार टेबलांना. पंप काचेच्या फ्लास्कमधली हवा ओढून घ्यायचा. सगळी लाइन मामांनी स्वतः जोडलेली. एकानं न सांगता आपल्या टेबलाचा नळ उघडला, की चौघांचं काम बिघडायचं. म्हणून आधी "उघडतो!" असं ओरडायचं आणि तिघांनी "उघड!" म्हटल्यावरच हात लावायचा.

मी कासुर्डीचा, घरातला पहिला पदवीधर, सहा महिन्यांच्या बोलीवर लागलेला. पहिल्याच आठवड्यात एक फ्लास्क बाहेरच्या हवेच्या दाबानं आत दबून फुटला. काच भिंतीपर्यंत उडाली. मी दारापर्यंत मागं पळालो.

"काय बीएस्सी, दौंडच्या कॉलेजात हवा शिकवली न्हाई व्हय?"

"शिकवली, मामा."

"मग भ्यालास कशाला?" मग आवाज उतरवून म्हणाले, "भ्यायचंच. मी बी भितो. डोळ्याला दिसत न्हाई ना ती."

आणि उरलेल्या फ्लास्कना चिकटपट्टी गुंडाळत बसले.

एका दुपारी वीज गेली. पंप थांबला, की त्यातलं तेल उलटं नळीत चढतं. त्याआधी पंपाजवळचा नळ उघडून आत हवा सोडावी लागते. मी तिथंच होतो. नळ जरासा फिरवला तशी नळी किंचाळली. दचकून मी तो पुन्हा आवळला. आतून मामा ओरडले, "सोड! आरं सोड!"

मी हात काढून घेतला.

तेल चारी टेबलांवरच्या फ्लास्कमध्ये शिरलं. सगळ्यांचं आठ दिवसांचं काम गेलं.

"कुणी केलं हे?" साहेबांनी विचारलं.

नोकरी गेलीच, या भीतीनं मी बोलून गेलो, "मामा सोड म्हणाले... म्हणून मी नळावरचा हात सोडला."

मामांनी माझ्याकडं एकदाच बघितलं. "व्हय साहेब. हवा सोड म्हणायचं, तर मी नुसतं सोड म्हणलो. माझाच बोल चुकला."

त्यांना गोदामात टाकलं. मी कायम झालो. पुढं ते निवृत्त होऊन शिरूरला घरी बसले, तरी त्यांच्या दारात जायचं धाडस मला झालं नाही. शेवटी पत्र पाठवलं :

"आदरणीय मामा, शेतात पाणी सोड म्हटल्यावर काय करायचं, हे मला पोरपणापासून ठाऊक आहे. तुमचा शब्द मला तेव्हाच बरोबर कळला होता. हात भीतीनं निघाला, आणि नंतर खोटंही भीतीनंच बोललो. तुमचा बोल चुकला नव्हता. साहेबांनाही हे आज माझ्या सहीनं लिहून दिलं आहे."